लेकी धरल्या का?

पाण्याचा ग्लास हातात आला की मॅडम तो आधी उजेडाकडे धरायच्या. मग एक घोट घ्यायच्या, तो जरा वेळ तोंडात ठेवायच्या, आणि गिळून झाला की विचारायच्या, "कुठचं व्हय हे?"

समोरचा गोंधळून जायचा. पाहुण्याला पाणी द्यावं, त्यानं ते पिऊन ग्लास खाली ठेवावा, इतका साधा व्यवहार. पण हे पाणी विहिरीचं की हातपंपाचं, आणि हातपंपाचं असेल तर शाळेजवळच्या की देवळामागच्या, हे कळल्याशिवाय मॅडमच्या घशाखाली दुसरा घोट उतरत नसे. परसवाड्याकडे एका सरपंचाच्या घरी त्यांनी असंच विचारलं, तर सरपंचाच्या बायकोला वाटलं पाण्यात काही पडलं आहे. तिनं ग्लास काढून घेतला, पाणी अंगणात फेकलं आणि शेजारणीच्या माठातलं आणून दिलं. मॅडमनी तेही उजेडाकडे धरलं.

मी बालाघाटच्या पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात नकाशे काढणारा माणूस. आधी कागदावर काढायचो, आता कॉम्प्युटरवर काढतो. मॅडम आमच्याकडे इंजिनिअर म्हणून आल्या तेव्हा पन्नाशीच्या आसपास असतील. सुती साडी, पायात कॅनव्हासचे बूट आणि काखेत पुरुषी काळी छत्री. ही छत्री उन्हापावसात क्वचितच उघडायची. तिचं टोक जमिनीत खोचून ओल कुठवर आहे ते बघायचं, हेच तिचं मुख्य काम.

बालाघाट हिंदी राज्यात, त्यामुळे ऑफिसचा सगळा कारभार हिंदीत. मराठी बोलणारे आम्ही दोघंच, आणि आमच्या दोघांच्या मराठीचंही आपसांत जमत नव्हतं. माझे आजोबा सरकारी नोकरीनिमित्त इथं आले आणि इथलेच झाले. आमच्या घरची मराठी घडी घालून जपलेली, सणासुदीला बाहेर काढायची. मॅडम लांजीकडच्या शेतकरी घरातल्या. त्यांच्याकडे बायाही "मी येतो, मी जातो" असंच म्हणतात. पहिल्या दिवशी मी त्यांना "आपण चहा घेणार का?" असं विचारलं, तेव्हा त्या माझ्याकडे बघतच राहिल्या.

"भाऊ, तुमची मराठी आजाऱ्याच्या खिचडीसारखी व्हय," त्या म्हणाल्या. "पचते, पण मीठ नाई."

मला राग आला. पण तेवढ्यात चहा आला, त्यांनी कपात डोकावून पाहिलं आणि ऑफिसच्या बोअरच्या पाण्यात लोह असल्याचं जाहीर केलं. चहा काळपट दिसत होता म्हणे. "पाणी लपवते, चाय चुगली करते," असं म्हणत त्यांनी तो काळपट चहा चवीनं पिऊन टाकला. अशा माणसावर फार वेळ रागावता येत नाही.

त्या वर्षी आमच्याकडे लांजीच्या पुढच्या गावांसाठी एकत्रित पाणीयोजना आखायचं काम आलं होतं. म्हणजे नदीत एक विहीर बांधायची, तिथून पाणी उपसायचं, ते शुद्ध करायचं आणि पाइपांनी गावोगावच्या टाक्यांत पोचवायचं. सांगायला सोपं. अडचण एकच, टाकी बांधायची आज आणि ती पुरायला हवी पुढच्या पिढीला. सरकारी पगारात ज्योतिष सांगायचं काम. त्याची ठरलेली रीत आहे. जनगणनेचे आकडे घ्यायचे, वाढीचा दर लावायचा आणि माणशी ठरलेल्या पाण्यानं गुणायचं. मी एका दुपारी खुर्चीवरून न उठता चार-पाच गावांचं भविष्य उरकायचो.

मॅडमना हे उरकणं पटत नसे. त्या गावात जाऊन रस्त्यावर उभ्या राहायच्या आणि दिसेल त्याला विचारायच्या. हे दुकान कवा टाकलं? वरची माडी कोणासाठी बांधून राह्यले? लहाना भाऊ वेगळा निघाला तं घर कुठं बांधन? जुनं गाव सोडून लोक सडकेच्या कडेला सरकत होते. मोटरसायकल दुरुस्तीवाला, आटाचक्की, मुलांची शिकवणी, सगळं तिथं उभं राहत होतं, आणि माझ्या नकाशात त्या जागी अजून धानाची खाचरंच होती. चौकशा ऐकून लोकांना वाटायचं, बाई कुठलं तरी स्थळ पाहायला आली आहे. एका म्हाताऱ्यानं घर, शेत, माडी सगळं कौतुकानं सांगून झाल्यावर विचारलंच, "अन् तुमची पोरगी काय शिकली हाय?"

"मले पोरगी नाई, दोन पोरं हायेत," मॅडम म्हणाल्या. "तुमच्याकडं पाणी पोचवाचं हाय."

म्हाताऱ्याचा चेहरा असा पडला, की मलाच वाईट वाटलं.

पहिल्या काही गावांचे आकडे घेऊन मी मॅडमच्या टेबलाशी गेलो. त्यांनी चष्मा लावला, बेरजेवरून नजर फिरवली आणि विचारलं, "लेकी धरल्या का?"

"धरल्या की. बाया, पुरुष, मुलं, सगळे धरले."

"घरातल्या नाई हो. गेलेल्या. मे महिन्यात येतेत त्या."

मी आकड्यांचा कागद पुन्हा वरून खाली पाहिला. तुम्हीही पाहिला असता. सासरी गेलेली मुलगी जनगणनेत सासरी मोजली जाते, माहेरच्या गावात तिचं नाव कुठे नसतं. पण मे महिन्यात शाळांना सुट्या लागल्या की ती पोरंबाळं घेऊन माहेरी येते. लग्नंही त्याच महिन्यात. एकेका घरात माणसं दुप्पट होतात, आणि नदी, विहीर, हातपंप यांनी आटायचंही तेव्हाच ठरवलेलं असतं. आमचं गणित सबंध वर्षाच्या सरासरीवर चालायचं, त्यात मे महिना वेगळा दिसतच नव्हता.

"अकरा महिने पाणी भेटलं अन् लेक आली तवा नाई भेटलं," मॅडम म्हणाल्या, "तं त्या नळाले काय चाटाचं?"

तेव्हापासून हा प्रश्न आमच्या ऑफिसात मुक्कामाला आला. कुठल्याही टाकीचा विषय निघाला की मॅडम विचारणार, लेकी धरल्या का? हळूहळू इतरांनीही तो उचलला. मराठीचा गंध नसलेला आमचा चपराशी दुपारी चहा सांगायला जाताना दारात थांबून विचारायचा, "लेकी धरल्या का, साहब?" म्हणजे कोणी जास्तीचं येणार आहे का, आताच सांगा.

मग आम्ही घरोघर फिरून विचारायला लागलो. तुमच्या लेकी किती, त्यातल्या उन्हाळ्यात येतात किती, राहतात किती. पुरुषांना हे सांगता येत नसे. ते आत वळून हाक मारायचे. आतून बाई पदराला हात पुसत यायची आणि मग नावानिशी, नातवंडांसकट सगळं बाहेर पडायचं.

योजनेतलं शेवटचं गाव जरा चढावर होतं. पाइपलाइनचं टोक तिथं संपायचं. एप्रिलमधली सकाळ होती. जीप गावात शिरता शिरता मॅडम म्हणाल्या, "हे माह्यं माहेर व्हय." वाटेतल्या नाल्याचं नाव सांगावं तसं सांगितलं त्यांनी, आणि खाली उतरून एका मोहाच्या झाडाखाली छत्री जमिनीत खोचत उभ्या राहिल्या. समोरच्या घराकडे हात करून मला म्हणाल्या, "जा, विचारा."

अंगणात मोहफुलं वाळत होती. त्यांची आई ओट्यावर बसली होती, लहानखुरी, पण पाठ ताठ. मुलगा नागपूरकडे कारखान्यात असायचा, घरात ती एकटीच. तिनं मला पाणी दिलं ते अर्धा ग्लास. त्यात कंजुषी नव्हती. त्या गावात उन्हाळ्यात सगळेच अर्धा ग्लास द्यायचे, आणखी हवं असेल तर मागून घ्यायचं, म्हणजे उष्टं फेकलं जात नाही.

"माय, उन्हाळ्यात तुमच्याकडे लेकी किती येतात?" मी विचारलं.

"एक हाय लेक." झाडाखाली उभ्या असलेल्या लेकीकडे तिनं पाहिलंही नाही. "थे येत नाई."

"काहून?" 'का' म्हणायचं सोडून माझ्या तोंडून हा शब्द कसा निघाला, देव जाणे.

"मीच नको म्हणतो तिले. येऊन काय करन? विहीर बसते. झिऱ्यावर जा लागते." विहीर बसते म्हणजे पाणी तळाला जातं, आणि झिरा म्हणजे कोरड्या नाल्याच्या वाळूत केलेला खड्डा. त्यात पाणी जमेपर्यंत बसून राहायचं आणि वाटीनं घागर भरायची. "लेक माहेरी आराम कराले येते. मी तिले झिऱ्यावर बसवू का? अन् मी एकटी किती आणन?"

मी पेन हातात धरून मॅडमकडे पाहिलं. त्यांना सगळं ऐकू आलेलं होतं.

"शून्य लिव्हा," त्या झाडाखालूनच म्हणाल्या. "ज्या येतेत त्याच धरा."

परत येताना जीपमध्ये त्यांनी आपणहून सांगितलं. बालाघाटहून हे गाव दोन तासांवर. दिवाळीत त्या सकाळी येत, आईला भेटत आणि संध्याकाळी परत जात. राहायचं ते उन्हाळ्यात, पोरांच्या सुटीत, पण ते कधी झालंच नाही. "पोरं लहान होती तवा दर साली बॅग भरत होतो. मंग मायचा निरोप ये, यंदा नको येऊ, विहीर बसली. मंग बॅग खाली करत होतो." पुढे पोरं मोठी झाली आणि बॅग भरणंही राहून गेलं. आता पोरं नोकरीला लागली होती आणि आई थकत चालली होती.

"मले एक मे महिना पायजे, भाऊ," त्या म्हणाल्या. "मायच्या घरी राहून पाहाचा हाय. तिनं बोलावलं पायजे पण. मी आपल्या मनानं गेलो तं थे झिऱ्यावर जाईन माह्यासाठी."

मग मॅडमनीच विषय बदलला. खिडकीबाहेर बोट दाखवून त्या ड्रायव्हरला विचारायला लागल्या, आजूबाजूला सगळं वाळलेलं असताना तेवढं एकच शेत हिरवं कसं, आणि कुठचं पाणी आहे ते.

आमचा आराखडा तयार झाला. नदीत जो लहान बंधारा घालायचा होता त्याची उंची मॅडमनी वाढवली, म्हणजे मे महिन्यापुरतं पाणी अडून राहील. गावोगावच्या टाक्याही मोठ्या धरल्या. हा आराखडा पाहायला वरच्या कार्यालयातले साहेब बालाघाटला आले. शांत, हुशार माणूस, आवाज कधी चढला नाही. त्यांनी नेमकं लेकींच्या आकड्यावरच बोट ठेवलं.

"मैडम, ये बेटियाँ कौन-से कॉलम में हैं?"

मॅडमनी समजावून सांगितलं. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "लेकिन एक गाँव की बेटी दूसरे गाँव की बहू है। इधर आई तो उधर से गई। पानी तो उतना ही लगा।"

खोलीत सगळे मॅडमकडे बघायला लागले. मला तर साहेबांचं एकदम पटलं. वाटलं, एवढी साधी गोष्ट आपल्याला कशी सुचली नाही? मॅडमनाही तसंच वाटलं असावं, कारण त्यांनी आराखड्याचे कागद गोळा करून काखेत मारले. पुढचे काही दिवस त्यांनी माझ्या मराठीची थट्टासुद्धा केली नाही. पाण्याचा ग्लास नुसता पिऊन खाली ठेवायच्या. मला काळजी वाटायला लागली.

मग एका सकाळी छत्री काखेत मारून त्या माझ्यासमोर उभ्या. "सायब बरोबर बोलले. पण मंग मे महिन्यात माणसं जास्तीची दिसतेत थे कुठून येतेत? चाला, पाहू."

आम्ही गेलो ते थेट लांजीच्या बसस्टँडवर. मे महिना, अंगाची लाही होत होती. गाड्या येत होत्या, बाया उतरत होत्या. एका कडेवर पोर, हातात पिशवी, मागून आणखी एक पोर. मॅडमनी मला एका बाजूला उभं केलं आणि विचारायला सांगितलं. मी पहिल्याच बाईला म्हटलं, "आपण कुठून आलात?" तिनं पोराला जवळ ओढलं. तिला न्यायला मोटरसायकलवर आलेला भाऊ गाडी स्टँडला लावून माझ्याकडे आला. "काय काम हाय?" मी सरकारी ओळखपत्र काढेपर्यंत माझ्याभोवती चांगला घोळका जमला होता. त्यानंतर मी उसाच्या रसाच्या गाडीपाशी जाऊन बसलो आणि तिथून पाहिलं.

मॅडम बाकावर बायांमध्ये बसल्या होत्या. कोणाचं तरी पोर त्यांच्या मांडीवर होतं. त्यांना काही विचारावंच लागत नव्हतं. कुठून आली, किती दिवस राहणार, मागे घरी कोण आहे, सासू कशी आहे, बाया आपणहून सांगत होत्या. मध्येच एकीनं उलट विचारलं, "बाई, तुमचं माहेर कुठं? चालल्या का तुमी बी?"

"मी ड्युटीवर हाय," मॅडम म्हणाल्या.

"मंग सुट्टी नाई देत का?"

मॅडमनी मांडीवरच्या पोराला दात किती आले ते विचारलं.

संध्याकाळपर्यंत उलगडा झाला. शेजारच्याच गावात दिलेली लेक लग्नापुरती येते, जेवते आणि दिवस मावळायच्या आत परत जाते, कारण घरी गाई-म्हशी आहेत आणि सासू वाट बघते आहे. महिनाभर राहतात त्या लांब दिलेल्या, नागपूरच्या, भिलाईच्या, रायपूरच्या, किंवा लग्नानंतर नवऱ्याबरोबर शहरात गेलेल्या. त्या आमच्या योजनेतल्या कुठल्याच गावच्या सुना म्हणून मोजलेल्या नव्हत्या. इकडे आल्या म्हणून आमच्या कुठल्या गावातलं पाणी वाचत नव्हतं. आणि मुली जसजशा शिकत होत्या तसतशा लांबच जात होत्या, म्हणजे हा आकडा वाढतच जाणार होता.

"मी बी चुकलोच," जीपमध्ये बसता बसता मॅडम म्हणाल्या. "साऱ्या लेकी एकसारख्या धरल्या." आणि जवळ दिलेल्या लेकी त्यांनी आराखड्यातून स्वतःच्या हातानं कमी केल्या. मला म्हणाल्या, साहेबांनी विचारलं नसतं तर हे कळलंच नसतं. त्या दिवशी त्यांचा चेहरा परीक्षेत पास झालेल्या पोरासारखा दिसत होता.

साहेबांनी पुन्हा शांतपणे ऐकलं. "आपने बस स्टैंड पर सर्वे किया?" असं म्हणून ते बराच वेळ हसले. बंधाऱ्याची उंची त्यांनी मान्य केली. टाक्या मात्र लहानच ठेवल्या, कारण त्यांनाही वरच्यांना उत्तर द्यायचं होतं. "अर्ध्या लेकी मंजूर झाल्या," असं आम्ही म्हणायला लागलो.

"अर्ध्या तं अर्ध्या," मॅडम म्हणाल्या. "नदीत पाणी राह्यलं तं पंप जास्त येळ चालवता येते. टाकी काय, भांडं व्हय थे."

काम सुरू झालं आणि पाइप टाकून व्हायच्या आधीच मॅडमची बदली झाली, राज्याच्या पार पश्चिमेच्या टोकाला. निरोपाच्या कार्यक्रमात कोणीतरी त्यांच्या हातात सीलबंद पाण्याची बाटली दिली. त्यांनी ती उजेडाकडे धरली, झाकण उघडून एक घोट घेतला, आणि सगळं ऑफिस एका सुरात ओरडलं, "कुठचं व्हय हे?" मॅडम हसल्या. मग खरोखरच चष्मा लावून बाटलीवरचं बारीक अक्षर वाचत बसल्या. त्या गेल्यावर आमच्या ऑफिसातला चहा बरेच दिवस नुसता काळा होता, त्याचं कारण सांगणारं कोणी नव्हतं.

योजनेचं पाणी सुरू झालं. पहिल्या मे महिन्यात दाब तपासायला मी त्या चढावरच्या गावात गेलो. मॅडमच्या आईच्या अंगणात नळ आला होता. तिची ताठ पाठ आता वाकली होती. मी म्हटलं, "माय, आता लेकीला फोन करा."

"पाहू," ती म्हणाली. "एक उन्हाळा जाऊ दे. टिकते का पाह्यतो."

"टिकणार, माय. बंधारा बांधलाय."

"नवी नवरी अन् नवा नळ, पहिल्या साली सारेच बरे." तिनं मला पाणी दिलं. अर्धा ग्लास.

मला तिचा रागच आला. एवढी वर्षं जिच्यासाठी लेक झटली, ती म्हातारी नळाची परीक्षा घेत बसली होती. मी मॅडमना फोन करून सांगितलं. वाटलं, त्यांना वाईट वाटेल. त्या फोनवर खदखदून हसल्या. "मायचं बरोबर हाय, भाऊ. टेस्टिंग झाल्याबिगर ताबा घेऊ नये."

पाणी त्या मे महिन्यात टिकलं.

पुढच्या उन्हाळ्यात पंपहाउसच्या ऑपरेटरचा फोन आला. चढावरच्या गावाची टाकी दुपारी खाली जात होती. खेड्यात पाण्याचा वापर सकाळी आणि संध्याकाळी, दुपारी टाकी हलायलाही नको. दुपारी पाणी उतरतं याचा अर्थ पाइप कुठेतरी फुटला आहे. मी डोक्याला रुमाल बांधून निघालो. लाइनच्या कडेनं गावापर्यंत चालत गेलो. कुठे ओल नाही, चिखल नाही, हिरवं गवत नाही. व्हॉल्व्ह कोरडे ठणठणीत. मॅडमची छत्री हवी होती असं सारखं वाटत होतं.

गावात पोचलो तेव्हा ऐन दुपार होती. चिटपाखरू नव्हतं. पण काहीतरी वेगळं दिसत होतं आणि काय ते चटकन कळेना. मग लक्षात आलं. घराघरांच्या दाराखिडक्यांवर गोणपाट टांगलेले होते, आणि सगळे ओले होते. उंबऱ्यांवर पाणी ठिबकत होतं.

तहान लागली म्हणून मी मॅडमच्या आईच्या घराकडे वळलो. ती दाराबाहेर स्टुलावर बसली होती. शेजारी भरलेली बादली. लोटा बुडवायचा आणि दारावरच्या गोणपाटावर पाणी मारायचं, असं तिचं चाललं होतं. मी तोंड उघडलं, तशी तिनं ओठांवर बोट ठेवलं. मग गोणपाटाची कड जराशी बाजूला केली आणि मला आत पाहू दिलं.

खाटेवर मॅडम झोपल्या होत्या. कुशीवर, तोंड किंचित उघडं, एक हात खाटेखाली लोंबकळत होता. खाटेखाली कॅनव्हासचे बूट. खुंटीला छत्री. इतक्या वर्षांत त्यांचे डोळे मिटलेले मी पाहिले नव्हते. जीपमध्ये सगळे पेंगायचे तेव्हाही त्या खिडकीबाहेर बघत असायच्या.

"मीच फोन केला," आई कुजबुजली. "महिनाभर राह्यते म्हणे. जेवली का झोपते. रोज. चार वाजता उठते अन् चाय मांगते." तक्रार केल्यासारखं सांगत होती, पण अभिमानानं तिचा चेहरा फुलला होता. "उठवू का?"

मी मान हलवून नको म्हटलं. तिनं ग्लास भरून दिला, अगदी काठोकाठ. तो धरताना माझ्या मनगटावर पाणी सांडलं. मी तो उजेडाकडे धरला आणि काही न विचारता पिऊन टाकला.

लेकींना प्यायला किती, आंघोळीला किती, पोरांचे कपडे धुवायला किती, सगळं आम्ही धरलं होतं. उन्हाळ्याच्या दुपारी माहेरी आलेल्या लेकीला गार झोप लागावी म्हणून आई किती पाणी मारेल, हे कोणीच धरलं नव्हतं. मॅडमनीसुद्धा नाही. त्यांना तरी कसं कळणार? या दारामागे त्या मे महिन्यात कधी झोपल्याच नव्हत्या.

मी चार वाजेपर्यंत थांबलो नाही. मॅडम महिना संपल्यावर परत आपल्या नोकरीवर गेल्या, आणि त्यानंतर आमची गाठ पडलेली नाही. त्यांची आठवण निघाली की माझ्यापुढे हातात ग्लास धरलेल्या मॅडम येत नाहीत, त्या झोपलेल्या मॅडम येतात. मला त्यांची फार आठवण येते.

त्या दुपारी मोहाच्या झाडाखाली येऊन मी पंपहाउसला फोन लावला. दुपारी पंप एक तास जास्त चालव म्हणून सांगितलं.

"लीकेज मिल गया क्या, साहब?" ऑपरेटरनं विचारलं.

"नहीं।"

"तो फिर पानी जा कहाँ रहा है?"

मी घराकडे पाहिलं. बादली रिकामी झाली होती. म्हातारी ती नळाखाली लावून, गुडघ्यावर हात टेकून, भरायची वाट पाहत उभी होती. टाकी उतरल्यामुळे धार बारीक येत होती, पण तिला काही घाई दिसत नव्हती. चार वाजायला अजून वेळ होता.